४८ केबीचा संगणक

बालमित्रांनो, आधी एक सोपं गणित करा बघू. आईच्या मोबाईलने काढलेला एक फोटो साधारण ३ एमबीचा असतो असं धरू. १ एमबी म्हणजे १०२४ केबी. तर असा एकच फोटो साठवायचा असेल, तर ४८ केबी स्मरणशक्तीचे किती संगणक लागतील?

केलंत? उत्तर आहे ६४. एका फोटोला चौसष्ट संगणक! तुमच्या वाढदिवसाचे सगळे फोटो साठवायचे म्हटले, तर शाळेचं पटांगणसुद्धा पुरायचं नाही.

तुम्ही म्हणाल, "काय हो मावशी, एवढ्याशा स्मरणशक्तीचा संगणक कधी असतो का?" असतो ना! त्यातलाच एक माझ्या टेबलावर आहे आणि तो चक्क चालतो. त्याचं नाव झेडएक्स स्पेक्ट्रम. जन्मतारीख २३ एप्रिल १९८२, गाव केंब्रिज, इंग्लंड.

दिसायला तो अगदी साधा. वहीएवढा काळा डबा, त्यावर खोडरबरासारख्या मऊ करड्या चाळीस कळा आणि कोपऱ्यात इंद्रधनुष्याचे चार पट्टे. त्याला स्वतःचा पडदा नाही, माउस नाही, हार्डडिस्क नाही. पडदा म्हणून घरचा टीव्ही वापरायचा आणि प्रोग्रॅम साठवायला गाण्यांचा टेपरेकॉर्डर! वायर जोडली की दोन-तीन सेकंदांत पांढऱ्या पडद्याखाली कंपनीचं नाव आणि १९८२ हे साल उमटतं. झालं, संगणक तयार. तुमच्या घरचा आजचा संगणक सुरू व्हायला किती वेळ लागतो, मोजून बघा एकदा.

हा बनवला क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने. सर्वसामान्यांच्या घरात परवडेल असा संगणक करायचा, हे त्यांच्या डोक्यानं घेतलं होतं. १६ केबीचा स्पेक्ट्रम १२५ पौंडांना आणि ४८ केबीचा १७५ पौंडांना मिळायचा. त्याच सुमारास बीबीसी मायक्रो आला, अमेरिकेत कमोडोर ६४ आला. शाळेतली मुलं घरी बसून स्वतः प्रोग्रॅम लिहू लागली. 'मॅनिक मायनर' हा १९८३ मधला फार गाजलेला खेळ मॅथ्यू स्मिथ नावाच्या मुलाने एकट्याने लिहिला, तेव्हा त्याला विशीही लागली नव्हती. स्पेक्ट्रमचं उत्पादन १९९२ मध्ये थांबलं. सिंक्लेअर २०२१ मध्ये वारले.

आता आमच्या घरी हा पाहुणा कसा आला, ते सांगते.

माझे बाबा रत्नागिरीत गणिताचे शिक्षक होते. त्या काळात सरकारने काही शाळांना संगणक द्यायला सुरुवात केली होती. १९८४ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत देशभरातल्या सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. एवढ्या मोठ्या देशात अडीचशे शाळा म्हणजे दर्यामे खसखस. बाबांच्या शाळेचा त्यात नंबर लागला नाही. पण बाबांचा मावसभाऊ बोटीवर नोकरीला होता. १९८६ च्या दिवाळीत तो आला, तेव्हा बॅगेत चॉकलेटं, आईसाठी सेंट आणि एक ४८ केबीचा स्पेक्ट्रम होता. आमच्या घरच्या टीव्हीवर त्याचं ३६ नंबरचं चॅनल लागेना, म्हणून पुढच्या खेपेला काकांनी एक छोटा टीव्हीही आणला. तोपर्यंत बाबा पुस्तक वाचून वहीत प्रोग्रॅम लिहीत बसायचे आणि "टीव्ही आला की बघू" म्हणायचे. आई म्हणायची, "नवरी आली, पण मांडवच नाही!"

गल्लीतली मुलं संध्याकाळी आमच्या पडवीत जमायची. स्पेक्ट्रमची एक गंमत अशी, की त्याच्यावर 'प्रिंट' हा शब्द अक्षर अक्षर जुळवून लिहायचा नसतो. 'पी' ही कळ एकदा दाबली की अख्खा 'प्रिंट' शब्द उमटतो. 'जे' दाबली की 'लोड', 'आर' दाबली की 'रन'. एकेका कळीवर पाच-पाच, सहा-सहा कामं. त्यामुळे आम्ही इंग्रजीत कच्ची असलेली मुलंसुद्धा पटापट आज्ञा द्यायचो. स्पेलिंग चुकायची सोयच नव्हती.

पण आकडे मात्र इंग्रजी. बाबांना ते खटकायचं. पहिली-दुसरीच्या मुलांना पाढे मराठी आकड्यांत दिसले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी पुस्तकात शोधून काढलं, की स्पेक्ट्रममध्ये एकवीस जागा अशा आहेत, जिथे तुम्ही स्वतःची अक्षरं कोरू शकता.

ती युक्ती तुम्हीही करून बघा. त्यासाठी संगणक लागत नाही. गणिताच्या चौकटींच्या वहीत आठ बाय आठ चौकटींचा एक चौरस आखा. वरच्या बाजूला डावीकडून उजवीकडे हे आकडे लिहा: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. आता चौरसात 'शून्य' काढू. पहिली ओळ रिकामी सोडा. दुसऱ्या ओळीत मधल्या चार चौकटी काळ्या करा. त्या चौकटींवरचे आकडे आहेत ३२, १६, ८ आणि ४. बेरीज ६०. तिसऱ्या ओळीत फक्त दुसरी आणि सातवी चौकट काळी, म्हणजे ६४ अधिक २, बेरीज ६६. अशा चार ओळी. मग पुन्हा ६० आणि शेवटची ओळ रिकामी. झाला आपला शून्य: ०, ६०, ६६, ६६, ६६, ६६, ६०, ०. हे आठ आकडे स्पेक्ट्रमला दिले, की त्याला मराठी शून्य काढता येतो. (१ आणि २ सोपे आहेत. ५ आणि ९ ला घाम फुटतो, आधीच सांगून ठेवते.)

दहा आकड्यांना दहा जागा गेल्या. उरल्या अकरा. बाबांनी त्यातल्या दोन 'व' आणि काना यांना दिल्या. 'व'ची वरची ओळ आणि कान्याची वरची ओळ, दोन्ही २५५, म्हणजे आठही चौकटी काळ्या. दोन्ही शेजारी ठेवली, की शिरोरेषा आपोआप एकमेकींना चिकटते! बाबा त्या दिवशी इतके खूश झाले, की जेवायला उठेनात. उत्तर बरोबर आलं की पडद्यावर मोठ्या शिरोरेषेखाली 'वा' यायचं. चुकलं की टीव्हीच्या कडा लाल व्हायच्या आणि 'टुंग' आवाज यायचा. एकवीस ते तीसचे पाढे मी त्या 'वा'साठी पाठ केले. छडीसाठी नाही!

१९९४ च्या पावसाळ्यात स्पेक्ट्रम बंद पडला. तो दुरुस्त करणारं गावात कोणी मिळेना. शेवटी बाबांनी तो इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला सुटे भाग म्हणून देऊन टाकला. कॅसेटी मात्र ट्रंकेत राहिल्या. २००९ मध्ये बाबा गेले. २०१९ मध्ये घराची कौलं उतरवली, तेव्हा माळ्यावरून ती ट्रंक खाली आली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आठ कॅसेटी होत्या. एकीवर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पाढे'.

जुने संगणक जमवायचा माझा नाद इथून सुरू झाला. लोक हौसेने जमवतात, मी गरजेपोटी सुरुवात केली. मी पुण्यात हिशेब तपासण्याचं काम करते. रविवारी जुन्या सामानाच्या दुकानांत, ओळखी-पाळखीत, "तुमच्या माळ्यावर एखादा जुना संगणक आहे का हो?" असं विचारत हिंडायचे. लोक जुने पेंटियम दाखवायचे. मी मान हलवायचे. आठ महिन्यांनी एका निवृत्त इंजिनिअर काकांकडे स्पेक्ट्रम मिळाला. बंद, पण मोडतोड नसलेला. तो चालू करायला आणखी पाच महिने लागले.

जुना संगणक मिळाला की घाईने प्लग लावायचा नाही, हा ह्या छंदातला पहिला धडा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. पण त्याच्या पिनेत मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. आजच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये नेमकं उलटं! बाजारातला कुठलाही अडॅप्टर लावला, तर चाळीस वर्षं जगलेलं यंत्र एका क्षणात संपायचं. म्हणून आधी मीटरने मोजायचं. मग आतले कपॅसिटर. ती छोटी नळकांडी वर्षानुवर्षांत आतून सुकतात, ती बदलायची. कळांच्या खाली प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर वीज वाहून नेणाऱ्या रेघा छापलेल्या असतात. तो पापुद्रा जुन्या पोथीच्या पानासारखा ठिसूळ होतो आणि शेपटीपाशी तुटतो. आनंदाची गोष्ट अशी, की आजही काही लोक असे नवे पापुद्रे तयार करून विकतात. स्पेक्ट्रममध्ये फेरांटी कंपनीची एक खास चिप असते, ती आता कोणी बनवत नाही. हौशी मंडळींनी तिचा अभ्यास करून तिला पर्यायसुद्धा तयार केलेत.

माझ्या यंत्रात एक मेमरी चिप गेली होती. सुरू केलं की पडद्यावर पांढऱ्याऐवजी उभ्या पट्ट्या दिसायच्या. पडद्याचं चित्र ज्या स्मरणशक्तीत साठतं तिथलीच चिप गेली, की बिघाड डोळ्यांना दिसतो. ती बदलून दिली आमच्या भागातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी. त्यांनी हा डबा पहिल्यांदाच पाहिला होता, पण नकाशा समोर ठेवल्यावर म्हणाले, "ताई, ह्यात लपवालपवी काही नाही. सगळं उघडं आहे." आजच्या मोबाईलबद्दल ते असं म्हणणार नाहीत!

यंत्र तयार झालं. आता कॅसेट. आणि इथे खरी भीती होती.

कोकणातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. टेपच्या कडेला पांढरी बुरशी आली होती. अशी टेप तशीच वाजवली, तर बुरशी टेपरेकॉर्डरच्या डोक्याला चिकटते, टेप अडकते, ओढली जाते, कधी कधी तुटते. ह्या टेपची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती. सुट्टीला माझी भाची आली होती, नववीतली. ती म्हणाली, "मावशी, एकदाच वाजवायची आणि वाजताना रेकॉर्ड करून घ्यायची. मग पुढचं सगळं त्या रेकॉर्डिंगवर करू." शहाणी आहे. आम्ही टेप हळूहळू मऊ कापडातून फिरवली, दोन्ही रिळं स्क्रू असलेल्या नव्या कॅसेटीत बसवली. टेप दाबून धरणारा नमद्याचा तुकडा गळून पडला होता, तोही त्यामुळे नवा मिळाला. मग प्लेअर लॅपटॉपला जोडला. रत्नागिरीहून आलेली आई खुर्ची ओढून बसली.

कळ दाबली. आधी नुसती खरखर. आणि मग बाबांचा आवाज.

"पाढे. मराठी आकड्यांचे. काउंटर एकशे बारा."

कुठला प्रोग्रॅम कुठे आहे ते कळावं म्हणून ते प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी असं बोलून ठेवायचे. मी ते पार विसरले होते. आई काही बोलली नाही. तिने फक्त पंखा बंद करायला सांगितलं. पाठोपाठ सुरू झाली ती स्पेक्ट्रमची किंकाळी. आधी लांबच लांब शिट्टी, मग 'क्र्र्र' करत पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज. भाचीने कानांवर हात ठेवले.

हा आवाज म्हणजेच प्रोग्रॅम बरं का! संगणकाची भाषा शून्य आणि एकाची. टेपवर शून्यासाठी आखूड लाट असते, साधारण अर्ध्या मिलिसेकंदाची. एकासाठी तिच्या दुप्पट लांब. लॅपटॉपवर ध्वनीचं चित्र मोठं केलं, तर ह्या लाटा डोळ्यांनी दिसतात. आखूड, आखूड, लांब, लांब... अशा आठ लाटा झाल्या की एक बाइट.

रेकॉर्डिंग स्पेक्ट्रमला ऐकवलं. टीव्हीच्या कडांवर लाल-आकाशी पट्टे आले, मग निळे-पिवळे, नाव उमटलं, आम्ही श्वास रोखला आणि... 'टेप लोडिंग एरर'. तीन वेळा केलं, तीनही वेळा तेच.

मग भाची पडद्याला नाक लावून बसली. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एक छोटासा मथळा असतो. त्यात प्रोग्रॅमचं नाव आणि लांबी लिहिलेली असते. मथळा म्हणत होता २१४६ बाइट. आवाजाचं आकड्यांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला सापडले २१४५. एका ठिकाणी आठ लाटांची जागा नुसती सपाट होती. तिथे बुरशीने टेपवरचा लेप खाल्ला होता. टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, त्या हिशेबाने तो डाग किती मोठा असेल? एक मिलिमीटरचा जेमतेम तिसरा भाग! एवढ्याशा डागापायी सगळे पाढे अडले होते.

आता मात्र नीट लक्ष द्या, कारण पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. प्रोग्रॅम साठवताना स्पेक्ट्रम शेवटी एक जादा बाइट जोडतो. सगळे बाइट एकाखाली एक लिहिले तर शून्य-एकाचे आठ उभे रकाने तयार होतात. जादा बाइट असा निवडलेला असतो, की प्रत्येक रकान्यात 'एक' हा आकडा सम वेळाच यावा. लोड करताना स्पेक्ट्रम हे तपासतो आणि कुठल्याही रकान्यात विषम आलं तर एरर देतो. चूक पकडायची ही युक्ती. पण एकच बाइट हरवला असेल आणि तो कुठला हे माहीत असेल, तर हीच युक्ती उलटी फिरवता येते! रकान्यातले एक मोजा. विषम आले, तर हरवलेल्या जागी एक होता. सम आले, तर शून्य.

माझं आयुष्य रकाने जुळवण्यात गेलेलं, त्यामुळे हे काम मी हौसेने अंगावर घेतलं. सगळे बाइट स्प्रेडशीटमध्ये मांडले. आठ बेरजा केल्या. सम, सम, विषम, विषम, सम, विषम, विषम, विषम. म्हणजे ००११०१११. वर शिकलेल्या रीतीने करा बघू बेरीज: ३२, १६, ४, २, १. पंचावन्न! आणि ५५ हा स्पेक्ट्रमच्या पोटात '७' ह्या आकड्याचा क्रमांक आहे.

बरोबर कशावरून? हा प्रश्न भाचीने विचारला, मी नाही. स्पेक्ट्रम प्रोग्रॅममधली प्रत्येक संख्या दोनदा लिहून ठेवतो. एकदा आपल्याला वाचायला आणि एकदा स्वतःला हिशेबाला, लपवून. डागाच्या जागी वाचायची संख्या 'काहीतरी-सहा' अशी अर्धवट होती. तिच्या मागे लपलेली संख्या शाबूत होती: ७६. जुळलं!

ती अक्षरांच्या आठ-आठ आकड्यांच्या ओळींतली एक संख्या होती. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम पुन्हा आवाजात बदलला, लॅपटॉपची वायर स्पेक्ट्रमच्या कानात घातली. लाल-आकाशी, निळे-पिवळे पट्टे. काही सेकंद किंकाळी आणि मग शांतता. पडद्यावर मराठीत २९ गुणिले ७. आईने चष्मा पुसला आणि तिच्या काळातल्या चालीत एकोणतीसचा पाढा म्हणत आली ती थेट सातापर्यंत. भाचीने आकडे टाकले, २०३. शिरोरेषेखाली 'वा' आलं.

तुमच्यातला एखादा चौकस वाचक आता म्हणेल, "मावशी, हे सगळं लॅपटॉपवरच करता आलं असतं की! स्पेक्ट्रमची नक्कल करणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात." अगदी खरं आहे. मिळतात आणि उत्तम चालतात. खरं तर तुम्ही सुरुवात तिथूनच करा. यंत्र विकत घ्यायची काही गरज नाही. २०२४ मध्ये तर रबरी कळांचा, थेट आजच्या टीव्हीला जोडता येणारा नवा 'स्पेक्ट्रम'ही बाजारात आला. आतून तोही नक्कलच. तरी खरं यंत्र वेगळं. त्यात पंधरा मिनिटं काम करून हात लावला, तर ते कोमट लागतं. 'सेव्ह' करायला विसरलात आणि वीज गेली, तर सगळं जातं, कोणी 'परत आणू का' असं विचारत नाही. आणि त्याच्यावर एका वेळी एकच काम होतं. माझी भाची, जिच्या हातातला मोबाईल आम्ही ओरडूनसुद्धा सुटत नाही, ती ४८ केबीसमोर दोन-दोन तास बसते. का बसते हे तिलाच विचारा, मला पक्कं उत्तर सापडलेलं नाही.

आता माझ्याकडे चार यंत्रं आहेत. दोन स्पेक्ट्रम, एक कमोडोर ६४ आणि एक बीबीसी मायक्रो. कमोडोरचा आवाज ऐकण्यासारखा आहे, त्याच्यातल्या आवाजाच्या चिपवर आजही लोक संगीत रचतात. पण त्याचा मूळ अडॅप्टर जुना झाला की जास्त व्होल्ट सोडून मेमरी जाळतो, म्हणून मी नवाच वापरते. बीबीसी मायक्रोवर माझं विशेष प्रेम, कारण बाबांच्या शाळेला जो मिळाला नाही तो हा. तो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीतल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे एक नवा प्रोसेसर आखला. १९८५ मध्ये तो पहिल्यांदा चालला. त्याचं नाव एआरएम. त्याचेच वंशज आज तुमच्या घरच्या मोबाईलमध्ये आहेत. म्हणजे मोबाईल काढून घेतला म्हणून रुसलात, तर बीबीसी मायक्रोसमोर बसा. मोबाईलच्या आजोळीच गेल्यासारखं आहे ते.

काही जण अशी यंत्रं खोक्यातच ठेवतात, सील न फोडता. त्यांना किंमत जास्त येते म्हणे. मला ते पटत नाही. सतार घेऊन कपाटात ठेवण्यासारखं आहे ते.

हा परिच्छेद मात्र आई-बाबांसाठी. मुलांना ह्यात रस वाटला, तर जरूर साथ द्या, पण थेट विजेच्या पिनेवर चालणारं जुनं यंत्र त्यांना एकट्याने उघडू देऊ नका. बीबीसी मायक्रोच्या आतल्या वीजपुरवठ्यातले जुने कपॅसिटर दमटपणाने तडकतात आणि सुरू केल्यावर अचानक धूर सोडतात. मी तो घरी आणला, तेव्हा आधी ते बदलून घेतले आणि मगच स्विच लावला. जुन्या काचेच्या टीव्हीच्या मागे तर मोठ्यांनीसुद्धा हात घालू नये. बंद असला तरी त्यात धोकादायक वीज साठलेली असू शकते. आणि माळा साफ करताना जुन्या कॅसेटी भंगारात देण्याआधी एकदा वाजवून बघा. त्यांतून कर्कश किंकाळी आली, तर ती बिघडलेली आहे असं समजू नका.

आमच्या डब्यातल्या आठांपैकी तीन कॅसेटी वाचून झाल्या. दुसऱ्या दोघींवर काही खेळ आणि शाळेच्या निकालाचा एक प्रोग्रॅम निघाला. चौथीवर आणखी दाट बुरशी आहे. तिच्यात एकाच ठिकाणी सलग बाइट गेलेत, बहुधा अकरा, आणि रकान्यांची युक्ती फक्त एकाच बाइटला चालते. सुरुवातीला बाबांचा आवाज मात्र स्वच्छ आहे. "भूमिती. अपुरा." एवढंच म्हणतात. भाचीने ते अकरा बाइट प्रोग्रॅमचा अर्थ लावून भरायचं ठरवलंय. दहावीची परीक्षा झाली, की मे महिन्यात ती येते आहे.